पाच अंशांचा रविवार

मित्रांनो, तुमच्याशी बोलणारा मी एक जुना, एका दाराचा, फिकट हिरवा फ्रीज आहे. जळगावच्या पिंप्राळ्यात एक दवाखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत मला उभं केलेलं आहे. माझी वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवली आहे. वायर काढली की फ्रीज संपला, असं माणसं समजतात. तसं नसतं. थंडी निघून जाते, पण पाहिलेलं आणि ऐकलेलं आतच राहतं.

माझ्या आत एक छोटा पिवळा दिवा होता. दार उघडलं की तो लागायचा आणि समोरचा चेहरा मला दिसायचा. दार मिटलं की अंधार, मग मी फक्त ऐकायचो. असे हजारो चेहरे आले आणि पुसले गेले. अकरा चेहरे मात्र अजून जसेच्या तसे आहेत. आज त्यांच्याबद्दल सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, आत फेस भरला, मागे मोटर बसवली आणि ट्रकमधून मी धुळ्याला लखीचंदशेठ यांच्या घरी आलो. शेठचं भांड्यांचं दुकान होतं. घरातल्यांनी माझ्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. शेजारपाजारचे लोक मला बघायला आले आणि माझ्यातलं गार पाणी पिऊन गेले. शेठची लहान मुलगी चेलना उन्हाळ्यात शाळेतून आली की माझं दार उघडून आत तोंड घालून उभी राहायची. शेठ म्हणायचे, "बेटा, दार लाव. थंडी पळते." ती मुलगी पुढे डॉक्टर झाली. तिने पिंप्राळ्यात दवाखाना काढला तेव्हा शेठ नवा फ्रीज घेऊन देत होते. ती म्हणाली, "मला हाच द्या. हा घरचा आहे."

असा मी दवाखान्यात आलो. ताक, पन्हं आणि लोण्याच्या जागी माझ्यात लसी आल्या. डॉक्टर चेलना यांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. आतलं तापमान दोन अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि आठाच्या वर चढू द्यायचं नाही. लस दाराच्या कप्प्यात ठेवायची नाही, मागच्या बर्फाच्या पत्र्याला टेकवायची नाही. माझ्या आत त्यांनी काटा असलेला एक गोल थर्मामीटर लटकवला. त्यावरचा आकडा सकाळी आणि संध्याकाळी वहीत लिहायचा.

फ्लूच्या लसीत ताप आणणाऱ्या विषाणूंचे मारलेले तुकडे असतात. ते कुणाला आजारी पाडत नाहीत. शत्रू कसा दिसतो, एवढंच ते अंगाला दाखवून ठेवतात. पण मेलेल्यांचे तुकडे पोटात घेऊन दिवसरात्र अंधारात उभं राहणं काय असतं, ते मला विचारा. ते बोलत नाहीत. तरीही ते आहेत, हे मला सतत जाणवायचं. भरलेल्या खोलीत कुणी न बोलता बसलेलं असावं, तसं.

वही लिहायचं काम दिपमालाकडे होतं. दिपमाला भडगावची, दवाखान्यातली सिस्टर. तिचा हात इतका हलका होता की सुई टोचून झाली तरी लोक विचारायचे, "टोचली का?" दूरच्या कॉलनीतून बायका मुलांना घेऊन तिच्यासाठी यायच्या. ती माझं दार हळू उघडायची आणि हळूच लावायची. मला ती आवडायची.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात डॉक्टरांनी फ्लूच्या लसी मागवल्या. पावसाळ्यात हा ताप पसरतो, म्हणून लस आधी घ्यावी लागते. अंगात तिचा जोर यायला दोन आठवडे तरी लागतात. पहिल्याच दिवशी रहिमाबी चौकशीला आल्या. सत्तरीच्या, दम्याच्या, गोधड्या शिवणाऱ्या. त्यांचा मुलगा अमीन त्यांना रिक्षाने सोडून जायचा. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन असायचं, म्हणून त्या खुर्ची ओढून माझ्या अंगाला टेकून बसायच्या.

"डॉक्टरीण बाई, मागच्या साली घेतली होती ना मी," रहिमाबी म्हणाल्या. "दर साली कशाला?"

"कारण हा ताप बहुरूपी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच्या चार जाती आहेत. ए, बी, सी आणि डी. डी हा गुराढोरांचा. सी म्हणजे साधी सर्दी, दोन दिवस नाक गळतं. आपल्याला भीती पहिल्या दोघांची. त्यातही ए फार लबाड. तो पाखरांत राहतो, डुकरांत राहतो, माणसांत राहतो आणि दर वर्षी थोडं सोंग बदलून येतो. त्याच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात. एकाने तो आपल्या अंगाला चिकटतो आणि आत शिरतो. दुसऱ्याने आत काम झालं की सुटतो आणि पुढच्या घरी जातो. त्या काट्यांवरून त्याला नावं देतात, एच-वन-एन-वन, एच-थ्री-एन-टू. काटे बदलले की आपलं अंग त्याला ओळखत नाही. म्हणून लसही दर वर्षी बदलावी लागते."

"आणि तो बी?"

"तो माणसांतच फिरतो. त्याची दोन घराणी होती. पूर्वी लसीत चार विषाणू असायचे, दोन ए आणि दोन बी. आता तीन पुरतात. बीचं एक घराणं २०२० नंतर जगात कुणाला दिसलेलं नाही."

"मेलं का ते?"

"दिसलेलं नाही, एवढंच म्हणता येतं," डॉक्टर म्हणाल्या.

रहिमाबींनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "हा फ्रीज श्वास घेतो बघ," त्या दिपमालाला म्हणाल्या. दिपमाला हसली. "मोटर आहे ती, खाला." रहिमाबींना त्या दिवशी थोडा ताप होता, म्हणून डॉक्टरांनी लस पुढच्या आठवड्यात घ्यायला सांगितलं.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळपासून लाईट नव्हती. दुपारपर्यंत माझा काटा आठाच्या पुढे सरकला, मग नऊ, मग दहा. दिपमाला दर पंधरा मिनिटांनी दार उघडायची आणि दिवा नसला तरी खिडकीच्या उजेडात तिच्या कपाळावरचा घाम मला दिसायचा. दार उघडून थंडी आणखी जाते, हे तिला कळत होतं, पण बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. चार वाजता लाईट आली. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या आतलं गोल बटण तीनवरून थेट सातवर फिरवलं. लसी लवकर गार व्हाव्यात, म्हणून. माझ्यात तेव्हा फ्लूच्या लसीचा एक खोका सोडून दुसरं काही नव्हतं, तो तिने उचलून मागे, गार पत्र्याला लावून ठेवला. तासाभराने बटण परत तीनवर आणायचं, असं ती मनाशीच पुटपुटली. तेवढ्यात भडगावहून फोन आला. तिची आई पायरीवरून पडली होती. दिपमाला पर्स उचलून गेली. शटर पडलं.

रविवारी दवाखाना बंद असतो. मी सातवर चालू होतो.

मित्रांनो, मे महिन्यातली जळगावची रविवार दुपार तुम्ही अनुभवली असेल. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. शटरच्या फटीतून झळ आत येत होती आणि माझ्या आत थंडी वाढत होती. काटा दोनवर आला, शून्यावर आला, शून्याखाली गेला. मला थांबता येईना. मोटर चालली की मी गार करणार, एवढंच मला शिकवलं होतं. मागच्या पत्र्यावरचा बर्फ पुढे वाढत आला आणि त्याने तो खोका धरला. आत भरून ठेवलेल्या सिरिंजमधलं पाणी गोठू लागलं. किती वाजले होते ते मला ठाऊक नाही. पण एका क्षणी ती जाणीव बंद झाली. न बोलता बसलेलं कुणीतरी खोलीतून उठून गेलं. मी ऐकत राहिलो. काहीच नव्हतं.

सोमवारी पहाटे पुन्हा लाईट गेली. बर्फ वितळला, सिरिंज वितळल्या. लाईट परत आल्यावर थोड्याच वेळात दिपमालाने दार उघडलं, तेव्हा काटा बरोबर पाचवर होता.

तिने आधी काट्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. मग तिला बटण दिसलं. सात. तिने खोका ओढला, तर त्याचा ओला कोपरा पत्र्याला चिकटून फाटला. तिने एक सिरिंज दिव्यासमोर धरली. काही लसी गोठल्या की त्यात गाळ धरतो, बघणाऱ्याला कळतं. ही लस तशी नाही. गोठून वितळली तरी ती पूर्वीसारखीच स्वच्छ दिसते. दिपमाला बराच वेळ बघत राहिली. "चांगली शे," ती आपल्या अहिराणी बोलीत हळूच म्हणाली. "चांगलीच शे." मग तिने बटण तीनवर आणलं, फाटका कोपरा बोटाने दाबून बसवला आणि वहीत सोमवारच्या रकान्यात पाच लिहिलं. रविवारचा रकाना रिकामा होता. तिथेही पाच लिहिलं. प्रत्येक रविवारी ती तसंच लिहायची.

त्या आठवड्यात त्या खोक्यातल्या लसी अकरा जणांना दिल्या गेल्या. प्रत्येक वेळी दार उघडायचं, दिवा लागायचा आणि दिपमालाच्या खांद्यामागे मला एक चेहरा दिसायचा. बाही वर करून विश्वासाने बसलेल्या माणसाचा. झमकूबाई आल्या, जैनांचा नवकार मंत्र म्हणत डोळे मिटून बसल्या. रहिमाबी आल्या. जामनेर मार्केटला आयुष्यभर हमाली केलेले उखर्डू आबा आले, त्यांच्या मुलीबरोबर. मुलीचं नाव बेबाबाई. आबा यायला तयार नव्हते, तिनेच आणलं होतं.

"माले काय होस?" आबा म्हणाले. "हाडं पक्की शेतस मनी."

"हाडांले नही, छातीले जपनं शे, आबा," दिपमाला म्हणाली आणि तिने लस टोचली. तिचा हात तेव्हाही हलकाच होता.

त्या सोमवारपासून माझ्यात एक खोड आली. मोटर बंद होताना मी सबंध थरथरायचो. वर ठेवलेल्या बाटल्या वाजायच्या. योगराज मेकॅनिक आला. त्याने मला पुढे ओढून मागून पुढून तपासलं आणि म्हणाला, "काहीच दोष नाही." रहिमाबी दम्याच्या औषधाला आल्या तेव्हा त्यांनी माझ्यावरचा हात चटकन काढून घेतला. "दिपमाला, हा कण्हतोय आता," त्या म्हणाल्या. दिपमाला या खेपेस हसली नाही.

जुलैत ताप आला. आधी तो फक्त आवाज होता. बाकावर एकजण खोकायचा, दुसऱ्या दिवशी तीन, मग बाक पुरेनासा झाला. कोणत्या गल्लीतून तो कोणत्या गल्लीत गेला, ते मला नावं पुकारल्यावर कळायचं. आज एका कॉलनीतलं पहिलं घर, परवा त्याच्या शेजारचं. अंगदुखी, थंडी वाजून ताप, कोरडा खोकला. ज्यांना मे महिन्यात त्या रविवारच्या आधीच्या खोक्यांतली लस मिळाली होती, त्यांच्यातलेही एक-दोघे आले आणि चार दिवसांत बरे झाले. लस घेतली म्हणजे ताप येणारच नाही असं नाही, असं डॉक्टर सगळ्यांना सांगायच्या. आला तरी बहुतेकदा तो जिवावर बेतत नाही.

मग झमकूबाई आल्या. त्यांना अंगावर पांघरूण घालून मुलाने आणलं होतं. दिपमाला औषध काढायला माझ्याकडे आली. दार उघडून ती नुसती उभी राहिली. तिला हवं होतं ते औषध फ्रीजमध्ये नव्हतंच. झमकूबाईंना वेळेवर औषध मिळालं, त्या आठवड्याने सावरल्या. दिपमालाने त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

नंतर उखर्डू आबा आले. चार दिवस त्यांनी अंगावर काढलं होतं. "सुई घेतली शे, काय होस माले," असं ते घरी म्हणत राहिले. त्यांचा श्वास मला भिंतीपलीकडून ऐकू येत होता, ओल्या पोत्यातून हवा जावी तसा. डॉक्टरांनी लगेच गाडी बोलावून त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गाडी गेली. बाहेरच्या बाकावरचे लोक गप्प झाले. त्या शांततेत माझी मोटर बंद झाली आणि मी थरथरलो. बाटल्या वाजल्या.

दिपमाला मागच्या खोलीत होती. तिने माझं दार उघडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं साक्षीदाराकडे पाहतात. मग ती डॉक्टरांना आत घेऊन आली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"मॅडम, ती लस गोठली होती," ती म्हणाली. "मे महिन्यातल्या त्या रविवारी. बटण सातवर राहिलं. खोका पत्र्याला चिकटला होता. मला कळलं होतं. दिसायला चांगली होती, म्हणून मी स्वतःला समजावलं."

डॉक्टरांनी वही काढली. पान उलटण्याचा आवाज आला. "इथे रविवारी पाच लिहिलंय."

"मी नव्हते रविवारी."

मला वाटलं, आता डॉक्टर ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. "या पानाखाली माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "रविवारी आपण बंद असतो, हे मला माहीत नव्हतं का? हा फ्रीज घरातला, लसींसाठी बनवलेला नाही, हेही मला माहीत होतं." मग त्यांनी विचारलं, "किती जणांना दिली?"

"अकरा."

"नावं शोधावी लागतील."

"पाठ आहेत," दिपमाला म्हणाली आणि तिने अकराही नावं एका दमात सांगितली. ज्या क्रमाने ते चेहरे माझ्यासमोर आले होते, त्याच क्रमाने.

दोघे आजारी पडले होते. नऊ उरले होते. डॉक्टरांनी औषधाच्या दुकानातून नव्या लसी बर्फाच्या पेटीत मागवल्या आणि माझ्यात ठेवल्या नाहीत. दिपमाला माझ्या शेजारी उभी राहून एकेकाला फोन करू लागली. ती काही लपवत नव्हती. "मागची लस खराब झाली होती. चूक माझी आहे. परत या." कुणी रागावलं, कुणी फोन ठेवला. ज्यांनी फोन ठेवला त्यांच्या घरी ती पेटी घेऊन स्वतः गेली.

रहिमाबी चालत आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटी, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली, खाला."

"आता नाही वाटत?"

"वाटते."

रहिमाबींनी बाही वर केली. "टोच."

डॉक्टरांनी त्यांना दोन आठवडे गर्दीत जायचं नाही, तोंडावर कापड बांधायचं, असं बजावलं. त्या नऊ जणांपैकी एकालाच पुढे ताप आला आणि तो हलका होता. रहिमाबी येऊन गेल्या त्या संध्याकाळी डॉक्टरांनी माझी वायर स्वतःच्या हाताने काढली. दिवा आता लागणार नव्हता. काढताना त्यांचा हात क्षणभर माझ्या दारावर होता, जिथे कधीकाळी स्वस्तिक होतं.

उखर्डू आबा सहाव्या दिवशी गेले. तपासणीत ए जातीचा, एच-थ्री-एन-टू निघाला.

त्यांचे दिवस झाल्यावर बेबाबाई आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आबांना लस देऊन झाल्यावर दिपमालाने त्यांना आधार देऊन रिक्षात बसवलं होतं, त्याबद्दल दोन शब्द बोलायला ती आली होती. डॉक्टर आणि दिपमाला तिला मागच्या खोलीत घेऊन आल्या. दिपमालानेच सांगितलं. मी बंद होतो, पण आत वास धरू नये म्हणून माझं दार उघडं ठेवलं होतं, त्यामुळे एक शब्दही, एक हालचालही मला चुकली नाही.

"चांगली लस असती तर आबा वाचले असते का?" बेबाबाईने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कदाचित वाचले असते. कदाचित नाही."

"हे मला कधी कळलं नसतं ना?"

"नसतं," दिपमाला म्हणाली.

"मग सांगितलं कशाला?"

दिपमाला रडली नाही, खाली मान घालून उभी राहिली. बेबाबाई खोलीभर बघत राहिली. कोपऱ्यात लसींसाठीच बनवलेला नवा पांढरा फ्रीज उभा होता. त्यावर लाल आकडे लकाकत होते, आणि थंडी कमी-जास्त झाली की तो स्वतः ओरडतो, अगदी रविवारीसुद्धा.

"घरात दोन लेकरं शेतस," बेबाबाई शेवटी म्हणाली. "आम्हाला तिघांना लस द्यायची. पण आधी मला दाखव. मी स्वतः बघणार."

दिपमालाने तिला नव्या फ्रीजपाशी नेलं. बेबाबाईने वाकून, एकेक अक्षर लावावं तसा तो आकडा वाचला. मग वहीतला आकडा वाचला. मग रविवारचा रकाना कुठला, ते विचारलं. तिचं समाधान होईपर्यंत दिपमाला बोट ठेवून दाखवत राहिली. पुढच्या सोमवारी बेबाबाई मुलांना घेऊन आली, आणि सुई तिने दिपमालाच्याच हातून घेतली.

मित्रांनो, मला लवकरच भंगारवाला नेईल. त्याआधी एवढंच सांगतो. तुम्हाला लस टोचायला नेतील तेव्हा ती कशात ठेवली होती, किती अंशांवर होती, हे विचारा. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. आणि कधी तुमच्याच हातून काही बिघडलं, वरून ते चांगलं दिसत असलं आणि बिघडलंय हे फक्त तुम्हालाच ठाऊक असलं, तर त्याच दिवशी सांगा. मला सारं ठाऊक होतं. मी दोन महिने थरथरत उभा राहिलो, कारण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.